छतावरची अळंबी

नकाशावर आम्ही दोघं पाण्यात होतो.
खरं तर गाडी चालली होती सेन्या बेटाच्या कडेकडेनं,
कोरडा डांबरी रस्ता, डावीकडे
मासे वाळवायच्या रिकाम्या लाकडी ताट्या,
आणि पडद्यावर निळ्या फ्योर्डच्या मधोमध
आमचा इवलासा बाण. हलायचं नाव नाही.
"शक्य होईल तेव्हा मागे वळा," म्हणाली यंत्रातली बाई.
कुठून वळू, बये? आम्ही तर बुडालोय.

तेहतीस वर्षं मी टपाल वाटलं.
घरांना नंबर नव्हते तेव्हाही चुकले नाही:
आधी पिवळं कोठार,
मग ज्या वळणावर कुत्रा भुंकत नाही ते घर.
पण निवृत्त झालं की माणसाला अनोळखी रस्ते हवेसे वाटतात.
तोर्लाइफनं ते घेतले चाकांवरच्या घरासकट:
ॲल्युमिनियमची कातडी, आत एक किटली,
दोन गाद्या, आणि जुनंच भांडण.

तो म्हणाला, दोष काचेचा.
बर्फ वितळावा म्हणून समोरच्या काचेत
डोळ्याला न दिसणारा धातूचा थर असतो,
उपग्रहांची कुजबुज तिथंच अडते.
आरशामागं म्हणे चार बोटं जागा मोकळी सोडलेली असते.
तिथं यंत्र चिकटवलं.
माझ्या मानेला लचक. उपग्रह तीन.
निदान चार लागतात.

मग त्यानं एकेक गोष्ट बंद केली,
छतातले स्वस्त दिवे, फ्रिज, रस्ता टिपणारा कॅमेरा.
कॅमेरा बंद होताच चौथा उगवला.
मी टाळी वाजवली. मावळला.
म्हटलं, थांब, थोडा वेळ मीही बंद होते,
बघ काही फरक पडतो का.
तो हसला नाही.
बोगदा संपल्यावर, दीड तासानं, हसला.

धक्क्यावर एडविन भेटला. मासेमार,
म्हणजे आता नुसता बसणारा;
त्याची बोट मार्चमध्ये मोडीत गेली.
खिशातले हात न काढता त्यानं सगळं ऐकलं
आणि शेडमधून आणली एक पांढरी अळंबी,
वाटीएवढी, बुडाशी मिठाचा पापुद्रा, मागं वायरीचं शेपूट.
"हिच्या डोक्यावर बावीस वर्षं काही नव्हतं."
एवढंच बोलला.
पैशांचं विचारलं तर समुद्राकडे बघायला लागला.

नव्या छताला भोक पाडायला तोर्लाइफ धजेना.
सौरपट्ट्यांची वायर जिथून आत येते
तिथूनच एडविननं हिचंही शेपूट ओवलं,
अळंबी मात्र पट्ट्यांपासून हातभर लांब बसवली,
भोवती बोटानं डिंक सारवला, चुलीला पोतेरं द्यावं तसा.
आणि टोक जुळेना!
मधला जोड मागवला तो आला टपालानं, तिसऱ्या दिवशी.
आणणारी पोर तासभर उशिरा, रडवेली:
तिच्या यंत्रानं तिला डोंगरावरच्या रस्त्याला नेलं होतं.
मी तिला कॉफी दिली,
सांगितलं, निळी शेड, मग गंजलेला नांगर. लक्षात ठेव.

संध्याकाळी चालू केलं.
चार. सात. अकरा.
बाण थरथरला, फ्योर्डातून निघाला,
काठ ओलांडून रस्त्यावर चढला
आणि आमच्याच चाकांखाली येऊन थांबला.

तोर्लाइफ शिडीवरून ओरडला, "कुठं आहोत?"
मी काही बोलले नाही,
कारण एडविन पडद्यावर वाकला होता, चष्मा वर सारून.
"आमच्याकडे," तो म्हणाला,
"बाण असा जमिनीवर दिसला
की समजायचं, संपलं. खडक."
बोटानं त्यानं काच पुसली, तरी बाण तिथंच.
"आज पहिल्यांदा तिनं जमीन दाखवली
आणि मी ओरडलो नाही."

"दोनशे मीटरवर डावीकडे वळा," म्हणाली यंत्रातली बाई.
थांब गं जरा.
कॉफी अजून गरम आहे.